घाम वाळत नाही तिथला व्यायाम

मे महिन्यात घाटावरून येणारा पाहुणा आमच्याकडे उतरला की हातपाय धुवायच्या आधी एक तक्रार करतो. 'तुमच्याकडे पारा तर आमच्यापेक्षा कमी, मग जीव एवढा कासावीस का होतो?' तक्रार खरी आहे. पुण्यात ३८-३९ अंश सहज होतात, तेव्हा रत्नागिरीत ३२-३३ च्या आसपासच असतं. पण पुण्यातल्या उन्हात घाम आलेला कळतही नाही, अंगावरच वाळून जातो. आमच्याकडे तो हनुवटीवरून, कोपरावरून टपटपतो, बनियन भिजवतो, खुर्चीच्या पाठीवर डाग पाडतो. वाळायचं तेवढं नाव घेत नाही.

घाम अंग गार ठेवतो असं आपण म्हणतो, पण गारवा येतो तो घाम वाळताना. १ लिटर घाम कातडीवरून पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. तोच खाली गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही, नुसतं पाणी आणि मीठ वाया. हवेतच वाफ ठासून भरलेली असली की घामाला जायला जागा कुठली? शाळेत हे सगळे शिकलेले असतात. बूट बांधताना मात्र कुणाला आठवत नाही.

माझ्या भाच्यालाही आठवलं नव्हतं. तो पुण्यात आयटीत आहे, हाफ मॅरेथॉनची तयारी करत होता, आणि सुट्टीत आला तरी सराव चुकवायचा नाही असं त्यानं ठरवलेलं. भल्या पहाटे भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गेला आणि तास-सव्वातासानं आला तो तोंड पाडून. अंगणातल्या दगडावर बसून त्यानं टी-शर्ट काढून पिळला, तर पाण्याची धार लागली. मग मनगट माझ्यापुढं धरलं. "हे बघ मावशी. पुण्यात ६ मिनिटांत किलोमीटर होतो. इथं ७ मिनिटं लागली, तरी हार्ट रेट १७५. माझा फिटनेस गेला."

मी म्हटलं, फिटनेस म्हणजे काय छत्री आहे, एसटीत विसरायला?

झालं होतं ते साधं होतं. पळताना रक्त पायांच्या स्नायूंना लागतं. अंग तापलं की तेच रक्त कातडीलाही पाठवावं लागतं, आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. घामावाटे रक्तातलं पाणी कमी होतं ते वेगळंच. दोन्हीकडे पुरवायचं तर हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं, म्हणून तोच वेग जास्त महाग पडतो. शरीर या हवेला जुळवून घेतं, नाही असं नाही. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आणि आमच्याकडचे पाहुणे आठवडाभरात आंब्याची पेटी घेऊन परत. म्हणजे अंगाला सवय लागतेय न लागतेय तोवर गाडी खंबाटकीच्या पलीकडे.

त्यात पुळण. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये माणसांना वाळूवर चालवून, पळवून मोजमाप केलं होतं. कडक जमिनीपेक्षा वाळूत चालायला २.१ ते २.७ पट शक्ती लागते, पळायला १.६ पट. भुसभुशीत पुळणीत पाय रुतवत पळणाऱ्यानं पुण्याच्या डांबरी रस्त्यावरच्या वेगाशी तुलना करण्यात काही अर्थच नाही. ओहोटीला ओली, कडक पुळण उघडी पडते, तिच्यावर पळणं त्यातल्या त्यात सोपं. पण भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. आज सकाळी ६ ला छान कडक पट्टा मिळाला, तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाणी वर सुरूच्या बनाकडे सरकलेलं असतं. शिवाय पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेनं रोज पळलं की एक पाय सतत वरच्या अंगाला आणि दुसरा खालच्या अंगाला पडतो, आणि मग एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू का दुखते हे कोडं घेऊन माणसं डॉक्टरकडे जातात. जाताना जेवढं, तेवढंच येताना, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

घड्याळाला यातलं काहीच माहीत नसतं. त्या घड्याळाशी माझं वैर नाही, भाच्यानंच मला एक आणून दिलंय आणि मी ते घालते. पण त्याच्या आतले आकडे कुठून आले हे बघितलं की त्यांचा धाक कमी होतो. रोज १०,००० पावलं हा आकडा कुठल्या वैद्यकीय शोधातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' ठेवलं. जाहिरातीचा आकडा साऱ्या जगाचा नियम होऊन बसला. २२० वजा वय हे हृदयाच्या जास्तीत जास्त ठोक्यांचं गणितही असंच, सरासरीचं. सख्ख्या भावाभावांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, बीटा ब्लॉकर नावाच्या, ठोके फारसे वाढू देत नाहीत. अशी गोळी घेणारा माणूस घड्याळाकडे बघत बसला तर धाप लागून कोसळेपर्यंत ते त्याला 'आरामात आहात' म्हणत राहील.

मग मोजायचं कशानं? जुनी माणसं श्वासानं मोजायची. व्यायाम बळाच्या निम्म्यानं करावा असं सुश्रुतसंहितेत सांगितलंय, आणि निम्मं बळ ओळखायचं कसं हेही सांगितलंय: हृदयाच्या ठिकाणचा वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे तोंडानं श्वास घ्यायची वेळ आली, की समजावं निम्मं बळ झालं. वाग्भट या आयुर्वेदाच्या दुसऱ्या ग्रंथकारानं त्याच्यावर आणखी एक अट घातली. निम्मं बळ हे थंडीत आणि वसंतात, तेही धडधाकट आणि तूपदूध खाणाऱ्या माणसानं. इतर ऋतूंत त्याहून हलकंच. वैशाखात भाट्यावर छाती फुटेस्तोवर पळणाऱ्याला वाग्भटानं काय सांगितलं असतं ते उघड आहे. अतिव्यायाम करणाऱ्याची गत त्यानं हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखी सांगितली आहे.

आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असा फॉरवर्ड यातून कुणी बनवू नये. गंमत वेगळी आहे. आजच्या व्यायामशास्त्रातही श्वास एकदम जोर धरतो असा एक टप्पा मोजतात, आणि व्यायामाची सवय नसलेल्या माणसात तो कमाल क्षमतेच्या ५०-६० टक्क्यांच्या आसपास येतो. प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा लावून जे कळतं, ते आपल्याला बोलण्यावरून कळतं. चालता चालता गप्पा मारता येतात, पण आरती म्हणायला गेलं तर ओळ पुरी होत नाही, हा मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो जोराचा. आमच्या सकाळच्या घोळक्यातल्या बायका चढावर अचानक गप्प होतात, तेव्हा मी ओळखते. सुनेचा विषय अर्धा सुटला म्हणजे चढ खरोखरच कठीण आहे.

भाच्याला मी हेच करायला लावलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ उशाशी ठेवून गेला, बरोबर शेजारचा कॉलेजातला पोरगा घेतला, आणि बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं ठरवलं. आला तेव्हा घाम तेवढाच होता, पण चेहरा माणसाचा होता. न्याहारीला पेज आणि सांडगी मिरची मागून घेतली. आदल्या दिवशी त्याला अन्नाकडे बघवतही नव्हतं.

एवढ्यावर लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण 'शरीराचं ऐका' हे वाक्य मला पुरतं पटत नाही. शरीर बोलतं ते नेहमी खरंच बोलतं, असं कुणी सांगितलं? पावसाळी पहाटे गजर झाला की माझं शरीर चादरीतून जे बोलतं ते ऐकत बसले तर मी मार्गशीर्षापर्यंत उठणार नाही.

दक्षिण आफ्रिकेतले टिम नोक्स नावाचे संशोधक आहेत. त्यांचं म्हणणं असं की थकवा स्नायूंत तयार होत नाही, तो मेंदू तयार करतो. आतली उष्णता, उरलेलं अंतर, आधीचे अनुभव असा सगळा अंदाज घेऊन मेंदू आधीच 'पुरे' म्हणायला लागतो, म्हणजे खरोखरची हद्द यायच्या आत आपण थांबावं. त्यांच्या बाजूनं पुरावा रोज दिसतो: लांबच्या शर्यतीत मरगळलेला माणूस शेवटचा टप्पा दिसला की एकदम वेग घेतो. पाय खरंच संपले असते तर हा वेग आला कुठून? सगळ्या शास्त्रज्ञांना हे जसंच्या तसं मान्य नाही. पण थकवा हा निव्वळ मोजमाप नाही, त्यात थोडा अंदाज आणि थोडी भीती असते, एवढं मला पटतं. म्हणून ऐकायचं खरं, पण ऐकलेलं पारखूनही घ्यायचं.

माझी पारख अशी. आळस घराबाहेर पडायच्या आधी बोलतो. चप्पल सापडत नाही, मळभ आलंय, काल झोप नीट झाली नाही. पहिली १० मिनिटं चाललं की तो गप्प होतो. खरी कुरकुर उलटी असते. सुरुवातीला ऐकूही येत नाही आणि जसजसं पुढं जावं तसतशी वाढते. दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्या असतील तर बहुधा काळजी नाही. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ असेल, तर आहे. आणि दुखणं चुकवायला चाल बदलायला लागली, पाय तिरका पडायला लागला, की तिथून घरी यायचं, कारण आता गुडघ्याचं ओझं कंबर उचलायला लागलीय. ताप येऊन गेला असेल तर पारख वगैरे काही नको. अंगात ताप असताना, किंवा तो नुकता उतरलेला असताना, घाम गाळायला जाऊ नये. काही विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेले असतात आणि ते वरून दिसत नाही.

आमच्या घरामागून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, खाली उतरते, जांभ्या दगडाची. पावसात तिच्यावर शेवाळ धरतं, ते एक असो. पण उन्हाळ्यातही ती एक धडा देते. पाहुणे चढताना धापा टाकतात आणि उतरताना हसत-खिदळत येतात. दोन दिवसांनी त्यांना खुर्चीतून उठवायला माणूस लागतो. चढताना मांडीचा स्नायू आखडतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलून धरतो, आणि ह्या ताणत पेलण्यात त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुखणं २४ ते ७२ तासांत वर येतं. लॅक्टिक ॲसिड साठलं असं जिममधला ट्रेनर सांगतो, पण ते तर व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. श्वासाला सोपं वाटलेलं पायाला सोपं असेलच असं नाही, म्हणून पहिल्या दिवशी उतार थोडाच उतरावा. चार-सहा दिवसांनी तीच पाखाडी पुन्हा उतरलं तर निम्मंही दुखत नाही; स्नायू तेवढ्यात शिकलेला असतो. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या ही पाखाडी तिरक्या होऊन उतरतात, एक हात गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, दर वळणावर उभ्या राहून कुणाच्या फणसाला किती फणस लागले ते मोजत.

असं काहीतरी मोजत थांबणं मी आमच्या पाडेल्याकडेही बघितलंय. तो नारळ पाडायला येतो तेव्हा अर्ध्या माडावर क्षणभर थांबतो. एक हात खोडाभोवती, मान वर. मला वाटायचं पेंड्या, नारळांचे घोस, बघतोय. एकदा विचारलं तर म्हणाला, "वैनी, पेंड्या खालूनच दिसतात. वर जाऊन हात थरथरले तर उतरणार कसा?" नुसत्या वर पोचण्यापुरता दम तो राखत नाही, वर कोयता चालवायचा, खाली यायचं, आणि खाली आल्यावर पुढचा माड आहे, उद्याचेही माड आहेत.

पण त्याला लगेच ऋषी करायला नको. कंबरेला गोळी घेऊन तो कामावर येतो, हेही मी बघितलंय. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकलेल्या बायकांना शरीर काय सांगत नसेल? सगळं सांगत असतं. त्यांनी ऐकलं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि पावसाचे दिवस निघून जातात. दुखल्यावर थांबता येणं ही चैन आहे. आपल्याकडे ती आहे, हौसेनं घाम गाळणाऱ्यांकडे, आणि आपणच 'नो पेन, नो गेन' लिहिलेले टी-शर्ट विकत घेतो.

काही निरोप मात्र पारखत बसायचे नसतात. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटणं, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी कळ, नेहमीच्याच चढावर नेहमीपेक्षा फार जास्त धाप, डोळ्यांपुढे अंधारी. आमच्याकडे याला 'गॅस' म्हणतात आणि ओवा खाऊन झोपतात. बायकांत तर हृदयाचं दुखणं कित्येकदा छातीत न येता मळमळ, पाठदुखी, विचित्र थकवा असं येतं, म्हणजे ओवा खायला आणखीच सोयीचं. उन्हात व्यायाम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागला, तर अंगाला घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो. आधी सावलीत न्यायचं, मिळेल त्या पाण्यानं भिजवायचं, वारा घालायचा, आणि हे चालू असतानाच गाडी बोलवायची. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि धडधाकट माणसानंही तहान नसताना तांब्यावर तांब्या रिचवू नये, रक्तातलं सोडियम उतरतं. कोकम सरबतात मीठ घालायची आमची पद्धत त्या दृष्टीनं बरी. रक्तदाबवाल्यांनी तेवढा हात आखडता घ्यावा.

सगळ्यात कठीण प्रकरण शिमग्याचं. ग्रामदेवतेची पालखी नाचवायला मुंबईहून चाकरमानी येतात. वर्षभर लोकल आणि खुर्ची, आणि मग एका रात्रीत गाडी पकडून, झोप नाही, पोटात वडापाव, थेट पालखीखाली. फाल्गुनात पूर्वेकडचा वारा जोर धरून राहिला की समुद्रावरचा वारा यायला दुपार होते, आणि पारा मे महिन्यापेक्षाही वर जाऊ शकतो. समोर ढोल-ताशे. वाजंत्रीच्या तालावर श्रम कमी जाणवतात, हे अभ्यासूनही दाखवलेलं आहे. श्रम तेवढेच असतात, जाणवत नाहीत इतकंच. त्यात देव खांद्यावर. अशा वेळी शरीरानं किती हाका मारल्या तरी ऐकायला तिथं कोण असतं? रीत मात्र शहाणी आहे. पालखीला सतत खांदे बदलतात, मागं माणसं खांदा द्यायला टपलेलीच असतात, आणि खांदा सोडण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. निदान वाटू नये.

माझ्या धाकट्या दिरांना वाटतो. डोंबिवलीला असतात, पन्नाशी उलटली आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. पौषात फोन करून मी म्हटलं, भाऊजी, महिना-दीड महिना आधीपासून रोज अर्धा तास चाला, जिने चढा, आणि एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. ते म्हणाले, "वहिनी, पालखी खांद्यावर आली की दमायलाच होत नाही." मी म्हटलं, भीती त्याचीच आहे. डॉक्टरांकडे जाऊन आले, चालले किती ते देव जाणे. म्हणून यंदा सहाणेवर, पालखी जिथं टेकवतात तिथं, मी त्यांच्या मुलाला त्यांच्या बरोबर मागं उभा केला. पोरगा हुशार. दमलात का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर भाऊजींनी उजाडेपर्यंत खांदा सोडला नसता. तो मधूनमधून पुढं व्हायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बाबा, आता मला द्या ना, माझी पाळी कधी येणार?"